हायवेवरच्या हॉटेलात खान्देशी जेवण का नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हे पत्र आपल्याकडच्या हायवेच्या हॉटेलवाल्यांसाठी आहे पण सुरुवात जरा लांबून करतो. मुलगी-जावई अमेरिकेत असतात, त्यांच्यासोबत गाडीने न्यू मेक्सिको राज्यातून जाणं झालं, तेव्हा अल्बुकर्कीत रूट ६६ नावाच्या जुन्या हायवेवरच्या एका साध्या डायनरला, म्हणजे तिकडच्या खानावळीला, जेवायला थांबलो. फॅन्सी काही नाही, रेक्झिनचे बाक, ट्रकवाले, शाळेची पोरं, म्हातारी जोडपी, सगळे शेजारी शेजारी. ऑर्डर घ्यायला बाई आल्या आणि त्यांनी पहिलं विचारलं, रेड ऑर ग्रीन? म्हणजे मिरचीचा रस्सा लाल पाहिजे का हिरवा. जावईबापू म्हणाले दोन्ही पाहिजे असेल तर नुसतं ख्रिसमस म्हणा, त्यांना कळतं. आणि हा प्रश्न तिथल्या विधिमंडळाने राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून ठरवलेला आहे हो, खरंच. मिरची आणि फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखे पिंटो बीन्स ह्या १९६५ पासून तिथल्या राज्य-भाज्या आहेत.

आम्ही माळकरी, म्हणून आधी नीट विचारून घेतलं, कारण तिकडं हिरव्या रश्श्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं आणि बीन्सही चरबीत शिजवतात. त्या बाई न कंटाळता आत जाऊन विचारून आल्या आणि आमच्यासाठी निळ्या मक्याचा एन्चिलाडा आणला. त्यात मक्याच्या पातळ पोळ्या गुंडाळत नाहीत, एकावर एक थर लावतात, मधे चीज आणि कांदा, वरून मिरचीचा रस्सा, त्यावर अंडं घालतात ते आम्ही नको सांगितलं. लाल रस्सा वाळलेल्या मिरचीचा, जरा कडवटसर आणि दाट, जिभेवर हळूहळू चढणारा. हिरव्याला भाजलेल्या मिरचीचा धुराचा वास, त्या वासाने मला ताटावर बसल्या बसल्या घरचं भरीत आठवलं आणि सौ.ला पण तेच! सोबत सोपापिया, मैद्याची तळून टम्म फुगवलेली चौकोनी पोळी, तिचा कोपरा तोडून आत मध ओतायचा, तिखटावर उतारा म्हणून फार छान लागते.

तिथं ऑगस्ट-सप्टेंबरात हॅच भागातली मिरची निघाली की दुकानांबाहेर जाळीचे मोठे गोल पिंप फिरवत गॅसच्या जाळावर पोत्यानं मिरची भाजून देतात, लोक ती सोलून वर्षभराची फ्रीजरमधे भरून ठेवतात. लास क्रुसेसच्या विद्यापीठात शंभर वर्षांहून जास्त काळ मिरचीच्या वाणांवर काम चालू आहे. बाहेरची मिरची न्यू मेक्सिकोची म्हणून विकायला कायद्यानं बंदी आहे. एवढा मान मिरचीला!

आता आपल्याकडं बघा. नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या लागल्या की लांबून नाकाला कळतं. जळगावच्या भरीत वांग्याला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बामणोदचं ते फिकट हिरवं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणासोबत ठेचून, वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, याच्या तोडीचं मला तरी कुठं सापडलं नाही. पण सुरतकडून नागपूरला किंवा मुंबईहून इंदूरला जाणारा माणूस धुळे-जळगावात जेवायला उतरला तर त्याला काय मिळतं? पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, नूडल्स. परतल्यावर धुळ्याच्या अलीकडे एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना घेऊन गेलो, लांबलचक मेन्यूकार्ड आणि त्यात खान्देशी म्हणून एकटी शेवभाजी, ती पण काजूच्या गोडसर लाल ग्रेव्हीत, काळ्या मसाल्याचा पत्ताच नाही. वेटर पोराला विचारलं तर तो म्हणे साहेब बाहेरच्या लोकांना तिखट चालत नाही. अरे मग विचारा ना! कमी तिखट का झणझणीत, एवढं विचारलं तरी गिऱ्हाईक स्वतः सांगेल. त्या डायनरात तर रस्सा आधी वाटीत चाखायला पण दिला होता.

मला माहिती आहे की डुबुकवडे, पातोडी, वरण-बट्टी, खापरावरची पुरणपोळी हे सगळं हॉटेलात रोज करणं सोपं नाही, माणसं मिळत नाहीत, खापरावरचे मांडे करणाऱ्या बाया तर आता गावातही कमी झाल्यात. पण मग रोज एक पदार्थ ठेवा, दाराशी पाटीवर लिहा, आज काय आहे आणि वांगी कुठल्या गावची ते पण लिहा. गावातल्या ज्या बाया घरी बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड आणि काळा मसाला करून विकतात त्यांच्याकडून माल घ्या, त्यांनाही चार पैसे मिळतील.

आणि संपादक साहेब, आपल्या पेपरला एक विनंती. थंडीत भरिताचा सीझन सुरू होतो, तेव्हा हायवेवर खरं खान्देशी जेवण कुठं मिळतं त्या हॉटेलांची आणि खानावळींची यादी वाचकांकडून मागवून छापा, गावाच्या नावानिशी. आमच्या भागातली नावं मी स्वतः फिरून, जेवून कळवीन.

आपला नियमित वाचक,
अमळनेर