अर्धशिशीच्या गोळ्यांविषयी देवगडच्या मित्रास पत्र

गुहागर,
ता. ८ मार्च

प्रिय रमाकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र, दोन्ही मिळाले. शाळेत होतो तेव्हापासून तुला अर्धशिशीचा त्रास आहे आणि इतकी वर्षे तू तो डोक्याला फडके बांधून काढलास. अखेर तू मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलास, हे वाचून मला फार बरे वाटले. पत्रात तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: हल्ल्याच्या वेळची गोळी ५ मिलिग्रॅमचीच का दिली, तिकडे १० ची सहज मिळते तर ती घेतल्याने काय बिघडेल, आणि घरात पडून असलेल्या जुन्या गोळ्यांचे काय करावे. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. चिठ्ठीत बदल करण्याचा अधिकार मला नाही. परंतु तिच्यात जे लिहिले आहे ते का लिहिले असावे, हे समजावून सांगणे माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुला दोन वेगळ्या प्रकारची औषधे दिली आहेत. प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आहे ते डोके दुखत असो वा नसो, रोज घ्यायचे. हल्ले वारंवार येऊ नयेत आणि आले तरी सौम्य यावेत, एवढ्यासाठी ते आहे. त्याचा गुण दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडू नकोस. रिझाट्रिप्टान मात्र फक्त हल्ल्याच्या वेळी घ्यायचे औषध आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दोघांच्या नात्यात आहे. प्रोप्रॅनोलॉल शरीरात असताना रिझाट्रिप्टानचा निचरा मंदावतो आणि त्याचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. ढोबळ हिशेबाने तुझ्या अंगात ५ ची गोळी साडेआठच्या बरोबरीने काम करते, आणि १० ची घेतलीस तर ती सतराच्या घरात जाईल. डॉक्टरांनी तुला कमी ताकदीचे औषध दिलेले नाही. तुझ्या दुसऱ्या औषधाचा विचार करून नेमके बेताचे दिले आहे. म्हणून १० ची गोळी नको, आणि ५ च्या दोन एकदम घेणेही नको. मेडिकलमध्ये ५ ची नसेल तर मागवून द्यायला सांग. एक-दोन दिवस थांबावे लागले तरी हरकत नाही, कारण ही गोळी हल्ला येण्याआधीच घरात आणून ठेवायची असते. आणि तुझ्या एखाद्या मित्राला हेच औषध १० चे दिले असेल, तर त्याचे प्रोप्रॅनोलॉल चालू नसणार, एवढेच त्यातून समज.

गोळी कधी घ्यावी, याविषयी लोकांत दोन टोकांचे समज आढळतात. काहीजण सहन होईनासे झाल्याशिवाय गोळीला हात लावत नाहीत, तर काहीजण जराशी शंका आली की घेऊन टाकतात. ठणका सुरू झाल्यावर, तो अजून सौम्य असताना घेतली तर ती सर्वांत चांगली लागू पडते. तुला कधीकधी आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्या टप्प्यावर घेऊ नकोस. दुखणे सुरू होऊ दे. तुझी गोळी जिभेवर विरघळणारी आहे. ती तोंडातूनच रक्तात जाते आणि म्हणून झटकन गुण देते, असे गिऱ्हाईक मला नेहमी सांगते, पण तसे नाही. ती लाळेबरोबर गिळली जाऊन पोटातच शोषली जाते. मळमळताना पाणी प्यावे लागत नाही, ही तिची खरी सोय. तेव्हा दहा मिनिटांत आराम पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नकोस. पहिल्या गोळीने आराम पडला आणि दुखणे पुन्हा उलटले, तरच दुसरी घ्यायची, आणि तीही निदान दोन तासांनी. पहिलीचा काहीच उपयोग झाला नाही तर त्याच हल्ल्यात दुसरी घेण्यात अर्थ नसतो; तसे दोन-तीन वेळा झाले तर डॉक्टरांना कळव. चोवीस तासांत दोनपेक्षा अधिक नाही, असे तुझ्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले आहे, ते घरातल्या सर्वांना वाचून दाखव; हल्ला जोरात असताना माणसाला आपण किती घेतल्या हे आठवत नाही.

चिठ्ठी देण्यापूर्वी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि रक्तदाब दोनदा मोजला, हे तुला जास्तीचे वाटले. मला मात्र ते फार योग्य वाटते. ट्रिप्टान गटातील औषधे मेंदूभोवतीच्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि वेदनेचे संदेशही अडवतात. पण आकुंचनाचा हा परिणाम थोड्या प्रमाणात हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही होतो. ज्याला हृदयविकार आहे, ज्याला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्याला ही गोळी चालत नाही. वहिनींचेही डोके दुखते आणि त्यांचा रक्तदाब वर-खाली होत असतो, असे तू लिहिले आहेस. त्यांना यातली एकही गोळी देऊ नकोस, कितीही दया आली तरी. त्यांची तपासणी वेगळी झाली पाहिजे. तुला स्वतःला गोळीनंतर अंगाला मुंग्या, मानेत किंवा छातीत थोडा ताण, गरगर, झोप असे होऊ शकते. ते बहुधा थोड्या वेळात ओसरते. परंतु छातीत जोराचा दाब आला, तो हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, घाम फुटला, तर ‘गोळीचेच असेल’ असे म्हणून वाट पाहत बसू नकोस. १०८ ला फोन कर.

आता जुन्या गोळ्या. छायाचित्रात त्यांची पट्टी पाहिली आणि खरे सांगायचे तर हे पत्र इतके लांबण्याचे कारण तीच आहे. त्या एका गोळीत चार औषधे आहेत: एर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारे एक औषध. एर्गोटामाइन हे युरोपात राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीतले द्रव्य आहे. ते शुद्ध स्वरूपात प्रथम १९१८ मध्ये वेगळे केले गेले. त्यापूर्वी शेकडो वर्षे तीच बुरशी पिठात दळली गेल्यामुळे गावेच्या गावे आजारी पडत, माणसांच्या हातापायांची बोटे काळी पडून झडत, कारण रक्तवाहिन्या इतक्या आवळल्या जात की रक्तच पोचत नसे. औषधाच्या मात्रेत ते डोकेदुखी थांबवते, अनेकांनी ते वर्षानुवर्षे घेतले आहे, आणि आमच्या दुकानात आजही ‘अर्धशिशीची गोळी द्या’ म्हणणाऱ्या पुष्कळांच्या मनात हीच गोळी असते. पण रिझाट्रिप्टानही रक्तवाहिन्या आवळते आणि हेही आवळते. दोन्ही एकमेकांच्या चोवीस तासांच्या आत घेणे धोक्याचे आहे. तुझ्यासारख्या माणसाच्या हातून हे कसे घडते, ते मला माहीत आहे: रात्री नवी गोळी घेतली, पहाटे डोके पुन्हा उठले, अंधारात हाताला जुनी पट्टी लागली. म्हणून ती पट्टी कपाटाच्या मागच्या बाजूला सरकवू नकोस. घरातूनच काढून टाक. कोणाला देऊनही टाकू नकोस. गर्भवती बाईने ती घेतली तर गर्भाशय आकुंचन पावू शकते, आणि छातीतल्या कफासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेणाऱ्याने तिच्यातले एर्गोटामाइन पोटात घातले तर ते शरीरात साचून त्याचीही बोटे थंड आणि निळी पडू शकतात. गोळ्या पट्टीतून काढून ओल्या मातीत कालव, मग टाक, म्हणजे कोणी उचलून घेणार नाही.

दुसरी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहिलेली नाही, पण ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. डोकेदुखीचे औषधच फार वेळा घेतले तर त्यानेच रोजची डोकेदुखी सुरू होते. ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा दोन-तीन वेदनाशामके एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, आणि साधे पॅरासिटामॉल किंवा तत्सम औषध १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की हा विकार जडू शकतो. माणूस आणखी गोळ्या घेतो आणि दुखणे आणखी वाढते. तुझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयात वहिनी दुधाचे खाडे लिहितात, तशी तू प्रत्येक गोळीची खूण कर: ट्रिप्टानसाठी ‘ट्रि’, साध्यासाठी ‘सा’. आठवड्याला दोनपेक्षा अधिक दिवस खुणा होऊ लागल्या की तारीख लवकरची घेऊन कोल्हापूरला जा. तोपर्यंत स्वतःच गोळ्या वाढवू नकोस.

तुझा आंब्याचा हंगाम आता भरात येईल आणि मला तीच काळजी आहे. सौम्य दुखण्यासाठी नॅप्रोक्सेन दिले आहे, ते जेवणानंतरचे औषध आहे. एकादशीच्या उपवासाला, नुसत्या चहावर, किंवा उन्हात पाणी न पिता दिवसभर राबून घामाघूम झालेला असताना ते घेतलेस, तर पोटाला आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. शिवाय उपाशी राहणे आणि जागरण ही दोन्ही तुझ्या हल्ल्याची जुनी कारणे आहेत, तेव्हा पेट्या भरण्याच्या गडबडीत जेवण चुकवू नकोस. रिझाट्रिप्टान घेतलेल्या दिवशी झाडावर चढू नकोस, झेला घेऊन फांदीवर उभा राहू नकोस आणि टेम्पो घेऊन घाट उतरायला निघू नकोस. प्रोप्रॅनोलॉलची पट्टी संपायच्या आठ दिवस आधीच नवी आणून ठेव, कारण ते एकाएकी बंद केले तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. बंद करायचे असल्यास डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

आणि फवारणी. तुडतुड्यांवर मारायच्या काही कीटकनाशकांची विषबाधा डोकेदुखी आणि उलटीनेच सुरू होते. फवारणीनंतर डोके दुखू लागले आणि त्यासोबत खूप घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधूक दिसणे, स्नायू फडफडणे असे काही असेल, तर ती अर्धशिशी नव्हे. गोळी घेऊन काळोख्या खोलीत पडून राहू नकोस. अंगावरचे कपडे काढ, साबणाने अंग धू आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. तुझ्या गड्यांनाही हे सांगून ठेव.

गोळ्या ठेवण्याविषयी थोडेसेच सांगतो. जिभेवरच्या गोळीला आपल्याकडची दमट हवा सोसत नाही. घ्यायच्या वेळीच कोरड्या हाताने मागचा कागद सोलून ती काढ. पट्टीतून दाबून काढलीस तर तिचा चुरा होतो. डबीत सुटी करून ठेवू नकोस, स्वयंपाकघरात, न्हाणीजवळ किंवा दुचाकीच्या डिकीत तर मुळीच नको. मेडिकलवाला पट्टी कापून देत असेल तर मुदतीची तारीख छापलेला तुकडा तुझ्याकडे राहील असे बघ. अर्धी पट्टी पावसाळाभर घरात राहिली की ती केव्हाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

तुझी नेहमीची अर्धशिशी कशी असते, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतोस. तिच्याहून वेगळे काही झाले, म्हणजे क्षणात टिपेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, ताप येऊन ताठलेली मान, वाकडे झालेले तोंड, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे, तर कोणतीही गोळी न घेता रुग्णालय गाठ. अशा वेळी रात्र आहे, उजाडल्यावर पाहू, असे घरातल्या कोणी म्हणू नये, यासाठी हा परिच्छेद वहिनींना आणि मुलांना मुद्दाम वाचून दाखव.

शेवटी एक काम करायचे आहे. तू घेत असलेले प्रत्येक औषध, त्याचे नाव, ताकद आणि वेळ, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही. आम्लपित्ताची गोळी, झोपेसाठी कधीमधी घेतोस ती, वैद्यांचा काढा, सारे त्यात आले पाहिजे. एक प्रत पाकिटात ठेव, एक मला पाठव. मी ती चिठ्ठीशी ताडून पाहीन आणि काही खटकले तर डॉक्टरांना काय विचारायचे ते कळवीन. दात काढायला गेलास किंवा साध्या तापासाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेलास, तरी हाच कागद आधी त्यांच्यासमोर ठेव. चिठ्ठीच्या छायाचित्रात शेवटच्या ओळीतली पुढच्या भेटीची तारीख नीट दिसत नाही, तेवढी उलटटपाली कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक