मामा, त्या वहीबद्दल

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून तुम्ही निवृत्त झालात, ३० जूनला तुमचा निरोप समारंभ झाला. मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मनमिळाऊ, कष्टाळू, वेळेचे पक्के असं काहीतरी मी बोलले. निरोपाच्या वेळी सगळ्यांबद्दल बोलतात तेच. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, ते आज लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आपल्या डिजिटल संग्रहाच्या माहितीपानावर संस्थेचं नाव आहे, प्राचार्यांचं आहे, ग्रंथपाल म्हणून माझं आहे. तुमचं नाही. ते पान मीच तयार केलं होतं. इथेही नाव घालू नका म्हणालात म्हणून नुसतं ‘मामा’ लिहिते. माहितीपानाच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही.

२०१४ साली कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची तयारी चालली होती, तेव्हा आपल्याला डिजिटल ग्रंथालयाची आठवण झाली. आधी मी यादी केली ती सरसकट: क्रमिक पुस्तकं, संदर्भग्रंथ, जे दिसेल ते. नंतर लक्षात आलं की प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगा हे संकेतस्थळ आहे, ई-जर्नल्स त्यांच्याच एन-लिस्टवर मिळतात, तेच पुन्हा करून काय मिळवणार? दुसरीकडे कुठे नाही असं आपल्याकडे काय आहे, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत, तेही किल्ल्यांच्या जुडग्यासकट. मागच्या खोलीतली तीन कपाटं. गावातल्या वकिलांच्या घरून आलेली जुनी मासिकं, सांगलीत आणि आसपास छापलेल्या पुस्तिका, नाटकांच्या जाहिराती, संस्थानकाळातले अहवाल. दाखल नोंदवहीत त्यातलं निम्मंही चढलेलं नव्हतं. मी आपल्या कॉलेजात सहा वर्षं काढली होती आणि ती कपाटं एकदाही उघडली नव्हती.

पहिलं काम आपण एका एजन्सीला पानामागे दर ठरवून दिलं. महिनाभरात डिस्क आल्या. मी प्रत्येक खंडाची पहिली पाच-सहा पानं उघडून पाहिली, छान दिसली, बिलावर सही केली. तुम्ही दारात उभे होता. “मॅडम, पानं मोजली का?” एवढंच विचारलंत.

मोजली नव्हती. तीन दिवस तुम्ही मूळ खंड मांडीवर घेऊन माझ्या संगणकाशेजारी बसलात. मी पडद्यावरचं पान पुढे ढकलायची आणि तुम्ही कागदावरचा आकडा वाचायचा. पहिल्याच खंडात मधली सलग सोळा पानं नव्हतीच. एक अख्खा जुस, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेला पानांचा गठ्ठा, गळला होता. घडीचा नकाशा घडी न उघडताच स्कॅन केलेला. दोन पानांवर अंगठा. आणि मुखपृष्ठं, मलपृष्ठं, जाहिरातींची पानं सगळीच वगळलेली, कारण त्यांत म्हणे ‘मजकूर’ नव्हता. मला त्या दिवशी भयंकर लाज वाटली. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी लाल रेघांची एक फुलस्केप वही घेऊन आलात, खाकी कव्हर घातलेली.

ती वही इथे वाचणाऱ्यांना दाखवली पाहिजे. डावीकडे दाखल क्रमांक, मग खंड-अंक. पुढे रकाने: छापील शेवटचं पान, प्रत्यक्ष मोजलेली पानं, कोरी पानं, चित्रं, घडीची पानं, फाटलेली, कसर लागलेली. शेवटी दोघांच्या सह्या. स्कॅन करायच्या आधीची मोजणी पेन्सिलीने, नंतरची निळ्या शाईने, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढची ओळ सुरू करायची नाही. शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या बारीक अक्षरात: “पान १४७ नंतर १८४ छापलंय. छापखान्याची चूक. पान गेलेलं नाही.” ही एक ओळ नसती, तर पुढे येणारा प्रत्येक जण ते हरवलेलं पान शोधत बसला असता. दहावीनंतर छापखान्यात बाइंडिंग शिकलेल्या माणसाला हे सुचलं. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मला ते सुचलं नव्हतं.

काम आपणच करायचं ठरलं तेव्हा स्कॅनरही तुम्हीच नाकारलात. कडेने टाके घातलेले ते खंड सपाट काचेवर पालथे घातले की पाठ मोडते. कागद लाकडाच्या लगद्याचा, शंभर वर्षांत आतल्या आम्लाने पिवळा पडून पापडासारखा झालेला. कोपरा एकदा दुमडला की तुकडा हातात येतो. तुम्ही सुताराकडून दोन फळ्यांचं घोडं करून आणलंत, पोथीच्या व्यासपीठासारखं, पण जरा उताणं. त्यावर काळं कापड घातलं. पुस्तक अर्धवट उघडं ठेवायचं, वरून हलकी काच, आणि कॅमेरा. ब्रश तुमच्या खिशात असायचा. पान उलटण्याआधी शिवणीतली धूळ झाडायची, बोटाला थुंकी लावायची नाही, पान वरच्या कोपऱ्यातून सोडवायचं. ‘कमवा व शिका’मधून आलेल्या पोरांना तुम्ही आठ दिवस फक्त पान उलटायला शिकवलंत. तेव्हा मी आतून चिडले होते, कारण मला महिन्याचे आकडे द्यायचे होते. आज त्या पोरांनी हाताळलेले खंड आणि एजन्सीकडून परत आलेले खंड शेजारी ठेवले तर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

संग्रहासाठी आपण डीस्पेस घेतलं. ते एमआयटी आणि ह्यूलेट पॅकार्डने मिळून २००२ मध्ये मोफत खुलं केलेलं सॉफ्टवेअर, त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न नोंदींचा होता. ‘डब्लिन कोर’ या नोंदी करायच्या ठरावीक पद्धतीचे पंधरा रकाने मी भिंतीवर चिकटवले. ‘दिनांक’ या रकान्यापाशी पोरं अडली, कारण कितीतरी अंकांवर नुसतं शके आणि मराठी महिना. मी सांगितलं, शकात ७८ मिळवा. चहाचे कप उचलता उचलता तुम्ही थांबलात. “माघ-फाल्गुनाला ७९, मॅडम. इंग्रजी वर्ष तवर बदललेलं असतंय. पौषाला पंचांग बघाय लागंल.” खरंच की. शके १८१७ चा फाल्गुन हा १८९६ चा फेब्रुवारी-मार्च. आम्ही तोवर दोनेकशे नोंदी केल्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक माघ-फाल्गुनाची नोंद एका वर्षाने मागे होती. सगळ्या दुरुस्त केल्या. कुणा अभ्यासकाने त्या तारखेवर लेख उभा केला असता तर?

अनुस्वारांचा घोळ मात्र माझ्या वाट्याचा. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आपली मासिकं त्याच्या कितीतरी आधीची. छापील शीर्षकात ‘महाराष्ट्रांतील’ असतं आणि आजचा विद्यार्थी ‘महाराष्ट्रातील’ असं शोधतो. संगणक सरळ ‘नाही’ म्हणतो. ‘वाऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला एकच दिसतो आणि यंत्राला वेगळा. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन शीर्षकं ठेवली, एक छापलंय तसं आणि एक आज लिहितात तसं. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं. फिकट शाईत ते ‘भ’ला ‘म’ आणि ‘थ’ला ‘य’ वाचायचं. ते काम अजून अर्धवटच आहे.

माणसांचं काय सांगू? मंजूर जागा रिकाम्या, भरती बंद, आणि पोरं तीन वर्षांनी पदवी घेऊन निघून जाणार. दर जूनला नवी तुकडी यायची आणि दर जूनला तुम्ही पहिल्यापासून सुरू करायचात: हात धुवा, घड्याळ काढा, पान मोजा. संगणकाचा पासवर्ड बदलत राहिला, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलल्या, मी दोनदा बाळंतपणाच्या रजेवर गेले. काम एका हाती राहिलं ते तुमच्या. कागदोपत्री तुमचं पद ग्रंथालय परिचर. पुस्तकं जागेवर लावणं, टपाल नेणं, पाणी भरणं. त्यातलंही काही सुटलं नाही, हे मी रोज बघत होते.

स्वामित्वहक्काचा पेच तुम्ही सायकलवरून सोडवलात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. १९५१ साली वारलेल्या कवीचं लेखन २०१२ उजाडताच खुलं. पण गावोगावचे हे कवी, मास्तर, वैद्य कधी वारले हे कुठल्या ग्रंथात सापडणार? तुम्ही वाड्या-आळ्यांतून फिरलात. नातवांना विचारलंत, श्राद्धाची तिथी विचारलीत, एका घरी तसबिरीमागे लिहिलेली तारीख उतरवून आणलीत. ज्यांचा पत्ता लागला नाही ते अंक आपण ग्रंथालयातच पाहता येतील असे ठेवले. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. वहीच्या मागच्या पानांवर तुमची ती यादी आहे. माझ्या मते या जिल्ह्यातल्या विस्मरणात गेलेल्या लेखकांची याहून चांगली यादी दुसरीकडे नसेल.

आणि पूर.

एका रंगीत पानाची पूर्ण आकाराची फाइल साधारण पंचवीस एमबीची. सहाशे पानांचा खंड म्हणजे पंधरा जीबी. दोन हार्ड डिस्क घेतल्या आणि दोन्ही माझ्या टेबलामागच्या कपाटात ठेवल्या. तुम्ही २००५ चा पूर पाहिलेला. “दोनी एकाच जागी कशाला?” म्हणालात. मी हसून सोडून दिलं असतं, पण तुम्ही रोज विचारायचात. शेवटी एक डिस्क मिरजेला माझ्या माहेरी गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आपला तळमजला, माझं टेबल, ते कपाट, सगळं बुडालं.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी चिखलातून आत गेलो तेव्हा मला रडू आवरेना. तुम्ही धोतराच्या पानांची गठडी आणि रद्दी घेऊन आला होता. ओले खंड उन्हात टाकू दिले नाहीत. वरच्या वर्गात बाक जोडून, पानापानांत रद्दी घालून, पंख्याखाली; दर दोन तासांनी रद्दी बदलायची. रात्रीही तुम्ही तिथेच. साध्या कागदाचे बहुतेक खंड वाचले. गुळगुळीत आर्ट पेपरचे सात खंड मात्र विटेसारखे झाले, एकाही पानाला सुटायचं नव्हतं. त्यांतले चार आपण आधीच स्कॅन केले होते. आज ते चार फक्त मिरजेहून आलेल्या त्या डिस्कमुळे आहेत. उरलेले तीन गेले. वहीत त्या तीन ओळींपुढे तुम्ही पेन्सिलीची मोजणी तशीच ठेवली आहे, निळ्या शाईची जागा रिकामी.

पुरानंतर काही महिन्यांनी तपासणी करणारी समिती आली. नोंदी किती, खर्च किती, रोज किती जण वापरतात, हे सगळं मी तक्त्यात मांडलं होतं. एका महिन्यात डाउनलोड एकदम वर गेलेले दिसत होते. ती सर्च इंजिनच्या यंत्रांची ये-जा होती, म्हणून मी ते वजा करून खरा, बारका आकडा दिला. त्यावर कुणी काही म्हणालं नाही. मग समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, “स्कॅन केलेल्यातलं किती टक्के तपासलं?” मी वही पुढे केली. तोवर ते दहा मिनिटंसुद्धा एका कागदावर थांबले नव्हते. त्या वहीवर बराच वेळ थांबले. पानं उलटत गेले. मग वर बघून म्हणाले, “ही कुणी ठेवली?”

तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दारात होता. मी म्हणाले, “आमच्या स्टाफने.”

मामा, त्या दोन शब्दांची मी क्षमा मागते. का तसं म्हणाले याचा पुष्कळ विचार केला. परिचराने केलंय म्हटलं तर काम कमी दर्जाचं ठरेल, अशी भीती वाटली असणार. ती भीती चुकीची होती आणि तिची किंमत तुम्ही मोजलीत. तुम्ही चहा ठेवून निघून गेलात, नंतर एका शब्दाने विषय काढला नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती तुम्ही निवृत्त झाल्यानंतरची आहे. पीएचडी करणारी एक मुलगी आली होती. विषय, शंभर वर्षांपूर्वीची औषधं आणि त्यांचे ग्राहक. तिला लेख नको होते, जाहिराती हव्या होत्या. मुंबई-पुण्यात तिने पाहिलेल्या खंडांत बाइंडिंग करतानाच जाहिरातींची पानं काढून टाकलेली होती. आपल्याकडे आहेत, कारण तुम्ही म्हणाला होतात, “छापलंय ते सगळं घ्यायचं. कुणाला काय लागंल, आपण कोण ठरवनार?” बाळगुटी, केशतेल, शक्तिवर्धक गोळ्या, व्हीपीने, म्हणजे टपालाने आलेला माल घेताना पैसे देऊन, माल मागवायची पद्धत. ती चार दिवस बसून होती. जाताना तिने तुमची वहीही मागितली आणि कुठलं पान मुळातच नाही हे त्यावरून उतरवून घेतलं. या वर्षीच्या अहवालात वापराच्या तक्त्याखाली मी हे सविस्तर लिहिलं आहे, तुमच्या नावासकट.

नव्या तुकडीला वहीचा पाचवा भाग दिलाय. खाकी कव्हर मीच घातलं, तुमच्यासारखं कोपऱ्यात बसलं नाही. घड्याळं काढायला लावते, पानं मोजायला लावते. आठ दिवस फक्त पान उलटायचं, हेही सुरू केलंय.

रविवारी सकाळी घरी असाल ना? वहीचा तिसरा भाग घेऊन येते. एका खंडापुढे तुम्ही “चित्र १ सुटं, दुसऱ्या कपाटात” असं लिहिलंय. पुरानंतर कपाटांचे क्रमांक बदलले आणि ते ‘दुसरं’ कुठलं ते आम्हाला कळेनासं झालंय. मामींना सांगा, चहा मी करीन.

तुमची,
मॅडम