लाल बावटा का लागला नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ एप्रिल जवळ आला की मुंबईच्या गोदीतल्या १९४४च्या स्फोटावर काहीतरी छापून येतेच. यंदा आपल्या अंकातला लेखही वाचला. घरांवर येऊन पडलेल्या सोन्याच्या विटा, शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटलेला हादरा, अग्निशमन दलाचे प्राण गमावलेले ६६ जवान, सगळे आले. पण ‘फोर्ट स्टिकीन’ ही दारूगोळ्याची बोट व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलीच कशी, हे लेखात दोन ओळींत उरकले आहे. मी टॅली क्लार्क, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारा कारकून, म्हणून गोदीतच नोकरी केली, निवृत्त होऊन आता गावी असतो. त्या दोन ओळी मला चैन पडू देईनात, म्हणून हे पत्र.

शांततेच्या काळात स्फोटके घेऊन आलेल्या बोटीला गोदीत प्रवेश नसे. तिने बाहेर नांगर टाकायचा, माल पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, उतरवायचा आणि डोलकाठीवर लाल बावटा ठेवायचा. (गोदीत लाल बावटा म्हटला की युनियन आठवते, हा वेगळा, ‘सांभाळा, पोटात दारू आहे’ असे सांगणारा.) युद्ध सुरू झाले, बोटींची रीघ लागली आणि ही शिस्त घाईच्या नावाखाली सैल झाली. १२ एप्रिलला फोर्ट स्टिकीन आत आली तेव्हा तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत भरलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. दुसऱ्या नंबरच्या फालक्यात, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, कापूस खाली आणि दारूगोळा वर. बावटा नाही. पडावांची वाट पाहण्यात स्फोटके उतरवायची राहिली. म्हणजे शेजारच्या बोटीवर काम करणाऱ्या हमालाला आपण कशाला खेटून उभे आहोत, याचा पत्ताच नव्हता.

कापसाची गाठ ज्याने हाताळली आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते. वरून पाणी मारा, धूर दबतो, आपण हुश्श करतो. आमच्या वेळी एकदा अशी भिजवून बाजूला काढलेली गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याने फोडली, तर आत मुठीएवढा निखारा अजून लाल होता. १४ एप्रिलला दुपारी फोर्ट स्टिकीनच्या त्या फालक्यात आग लागली आणि शेकडो टन पाणी ओतले गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. चौकशीत जे दोष निघाले त्यांत स्फोटकांखाली कापूस रचणे, लाल बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यात झालेली दिरंगाई आणि बंब बोलावायला झालेला उशीर, हे सगळे होते.

मृतांचा आकडा कुठे ८०० दिसतो, कुठे १,३००. एवढा फरक का? कारण त्या काळी बरेचसे गोदी कामगार टोळीवाल्याच्या तोंडी हुकमावर रोज घेतले जात. त्यांच्या रोजगाराच्या नियमनाचा कायदा १९४८मध्ये आला. ज्याचे नाव कुठल्या हजेरीपटावरच नाही, तो मेला हे कोण मोजणार?

आता दुसरी बाजू. माल आणि बोटी यांच्यासाठी नियम सैल होत असताना खलाशाच्या गळ्याचा फास मात्र जराही ढिला झाला नाही. भारतीय खलाशाला ‘लस्कर’ म्हणून वेगळ्या करारावर घेत. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. बोटीवर झोपायला कायद्याने ३६ घनफूट जागा, गोऱ्याला त्याहून किती तरी जास्त. १९३९मध्ये युद्ध जाहीर होताच या लोकांनी पगारवाढ आणि जोखीमभत्ता मागून काम थांबवले, तेव्हा शेकडो जणांना ब्रिटनमध्ये तुरुंग दाखवला गेला. पाणबुड्यांचा धोका सगळ्यांना सारखाच होता, हे वेगळे सांगायला नको.

माझे वडील त्या काळात बोटीवर होते. त्यांची नल्ली, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, आईने तांदळाच्या पिंपामागच्या पत्र्याच्या पेटीत जपली होती. सहीच्या जागी अंगठा. पुढे रकाने: बोटीचे नाव, भरती, सुटका, आणि ‘काम’ व ‘वागणूक’ यांसमोर ‘व्हेरी गुड’चा शिक्का. सफरीच्या रकान्यात एकच शब्द, ‘फॉरिन’. आई म्हणायची, ‘फॉरिनला गेले होते एवढंच मला माहीत, कुठल्या दर्यात ते त्यांनी कधी सांगितलंन नाय.’ वडील परत आले. आमच्याच वाडीतला त्यांचा सोबती आला नाही. त्याची बायको शेवटपर्यंत कुंकू लावत असे.

परत न आलेल्यांची नावे एके ठिकाणी लिहिलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या सहा हजारांवर भारतीय नाविक-खलाशांच्या नामावलीची एक प्रत चितगावच्या युद्धस्मशानात आणि दुसरी मुंबईत, मस्जिद बंदरच्या नाविकगृहात ठेवली गेली. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किती घरांना हे ठाऊक आहे?

१९४४मध्ये आपल्यासारख्या वृत्तपत्रांचे हात बांधलेले होते. स्फोटाची बातमी जगाला दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली आणि इथल्या सेन्सॉरने वार्ताहरांना ती बाहेर पाठवू द्यायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. आज तसे बंधन नाही. पुढच्या १४ एप्रिलला सोन्याच्या विटा थोड्या बाजूला ठेवून आपण त्या नामावलीतली कोकणातली नावे छापावीत, जिल्हावार जमली तर उत्तमच. अर्धे पान पुरणार नाही, हे आधीच सांगतो.

वडिलांच्या नल्लीची छायाप्रत हवी असल्यास पाठवीन. मूळ पुस्तिका मात्र हातची सोडणार नाही.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)