मोठ्या मुलाचा नाताळचा मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या भेटवस्तूंविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. लहान मुलांसाठी त्यात भरपूर सूचना होत्या, मुलींसाठी होत्या, आजी-आजोबांसाठीही होत्या. १३ ते १८ वर्षांच्या मुलग्यांचा विषय मात्र डिओडरंट आणि मोबाइलचे कव्हर यांवर दोन ओळींत आटोपलेला होता. नाताळच्या आदल्या रात्री मुलांसाठी मोठा मोजा टांगून त्यात छोट्या भेटवस्तू भरण्याची प्रथा आहे, आणि दोन मुलग्यांचे असे मोजे मी गेली अनेक वर्षे भरत आले आहे. या वयाला इतक्या थोडक्यात निकालात काढू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

माझा थोरला १३ वर्षांचा झाला त्या वर्षी, आता हा मोठा झाला, असे मीच ठरवले आणि त्याचा मोजा टांगला नाही. त्याने तक्रार केली नाही. पण नाताळच्या सकाळी धाकटा आपला मोजा रिकामा करत असताना तो शेजारी बसून राहिला आणि त्यातून निघणारी एकेक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहत राहिला. ते पाहून माझी चूक मला कळली. पुढच्या वर्षापासून दोघांचे मोजे पुन्हा शेजारी शेजारी लागू लागले.

या वयाच्या मुलाला काय हवे असे विचारले, तर तो ‘काही नको’ म्हणतो किंवा मोज्यात मावणार नाही आणि आपल्याला झेपणार नाही अशा एखाद्या यंत्राचे नाव सांगतो. मग घरातली माणसे दोनपैकी एका वाटेने जातात. काही जण त्याने दोन वर्षांपूर्वी बाजूला टाकलेल्या प्रकारचे खेळणे आणतात, तर काही जण थट्टेच्या वस्तू आणतात. त्या वस्तूंवर सकाळी सगळे हसतात आणि दुपारी त्या कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. माझा अनुभव असा, की विचारण्यापेक्षा पाहणे उपयोगी पडते. नाताळच्या महिना-दीड महिना आधीपासून त्याच्याजवळचे काय झिजले, काय हरवले, कोणती वस्तू तो भावाकडून उसनी मागतो, हे नुसते लक्षात ठेवले तरी अर्धा मोजा भरतो. चार्जरची केबल टोकाशी सोलवटलेली असते, हेडफोनच्या गाद्यांचे पापुद्रे निघालेले असतात, बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप घामाने गुळगुळीत झालेली असते. या वस्तू किरकोळ आहेत, पण त्या नेमक्या आहेत, आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले आहे हे त्या मुलाला न बोलता समजते.

त्यानंतर क्रम लागतो हातांना काम देणाऱ्या वस्तूंचा, आणि माझ्या मते मोज्याची खरी गंमत इथेच आहे. हंगेरीत वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रूबिक यांनी १९७४ मध्ये तयार केलेला रंगीत घन अजूनही मुलांच्या बोटांना खिळवून ठेवतो. ४३ या आकड्यावर अठरा शून्ये दिली तर जी संख्या होते, तिच्याहूनही अधिक प्रकारे त्याचे तुकडे मांडता येतात. ज्याच्याकडे तो घन आधीच आहे, त्याला दुसरा घन देण्यापेक्षा तो सहज फिरावा म्हणून वापरतात त्या सिलिकॉन वंगणाची छोटी बाटली द्यावी. ती पाहून घन सोडवणाऱ्या मुलाचा चेहरा उजळतो. दहा भोकांचा माउथ ऑर्गन मोज्यात अलगद बसतो आणि नवशिक्याने सी स्वराचा घ्यावा. गिटार वाजवणाऱ्या मुलासाठी अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत निरनिराळ्या जाडीची चार-पाच पिक, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकत्या, घ्यावीत, कारण कोणती जाडी हाताला बसते हे वाजवून पाहिल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. ४० मिलिमीटर व्यासाचे टेबल टेनिसचे चेंडू मोज्याचे टोक छान भरतात. पत्त्यांचा चांगला, नितळ कागदाचा जोड तर जादूचे प्रयोग शिकणाऱ्याला पुरतच नाही.

सायकल चालवणाऱ्या मुलाला पंक्चर काढण्याचे सामान द्यावे, असा माझा आग्रह आहे. ठिगळे, पॉलिश पेपर, सोल्युशनची नळी आणि टायर उचकटायच्या दोन पट्ट्या एवढे सगळे एका मुठीत मावते. सोबत नवी ट्यूब द्यायची असेल, तर टायरच्या कडेवर छापलेले माप आधी गुपचूप टिपून घ्यावे. माझ्या थोरल्याने आपले पहिले पंक्चर स्वतः काढले, त्या दिवशी तो घरभर काळे हात दाखवत फिरला. इतका आनंद त्याला महागड्या वस्तूने झालेला मी पाहिलेला नाही.

कपड्यांच्या बाबतीत जपून राहावे. मुलग्यांची उंची साधारण १३-१४ वर्षांच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते आणि त्या काळात ती एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरने वाढू शकते. पायमोजे ताणले जातात म्हणून चालतात, तेही एक माप मोठे घ्यावेत.

डिओडरंट, दाढीचे सामान आणि मुरुमांवरचे मलम या वस्तूंविषयी मात्र माझे मत आपल्या लेखापेक्षा वेगळे आहे. त्यांची या वयात गरज असते, हे मला मान्य आहे. परंतु मोजा सगळ्यांसमोर उघडला जातो. ज्याला नुकतेच मिसरूड फुटले आहे, ज्याचा आवाज मध्येच चिरकतो, त्याच्या हातात भावंडांच्या देखत मुरुमांचे मलम आले, तर ती भेट राहत नाही, तो शेरा होतो. ज्यांच्यापासून मोजा भरण्याची प्रथा निघाली असे मानतात, त्या चौथ्या शतकातील मायराच्या (आजच्या तुर्कस्तानातील एका गावाच्या) बिशप संत निकोलस यांची कथा या संदर्भात मला फार मोलाची वाटते. एका गरीब पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी सोन्याच्या थैल्या रात्रीच्या अंधारात, स्वतःचे नाव कळू न देता घरात टाकल्या, आणि काही कथांनुसार त्यातील एक वाळत घातलेल्या मोज्यात पडली. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, हे त्या दानातच होते. म्हणून मलम आणि रेझर एखाद्या साध्या दिवशी त्याच्या कपाटात ठेवून द्यावेत आणि त्याविषयी काही बोलू नये.

घरात लहान भावंड असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. छोटे पण जोरदार लोहचुंबक मोठ्या मुलांना आवडतात, मात्र त्यातले एकाहून अधिक लहान मुलाच्या पोटात गेले, तर ते आतड्याच्या पडद्यांतून एकमेकांना खेचून तिथे भोक पाडू शकतात. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. अशा वस्तू मी मोज्यात घालतच नाही. इअरफोन द्यायचे असतील, तर त्यांच्यासोबत दोन शब्द बोलावेत. मुलांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे म्हटले, तर आवाजाची सुरक्षित पातळी ७५ डेसिबलच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. पुढच्या डिसेंबरात हा विषय घ्याल, तेव्हा या वयाच्या काही मुलग्यांनाच विचारावे. काय हवे, असे विचारू नये. मागच्या नाताळला मोज्यात मिळालेले काय आज वापरात आहे, असे विचारावे आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत.

आपली नम्र,
एक वाचक