मिनार डावीकडेच झुकलाय

खुलताबाद

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. हे वाचून झाल्यावर आणखी घालशील, त्यांना थोडी जागा ठेव. तब्येत ठीक. गुडघे आहेत तसेच, शुगर गोळीवर.

आपल्या चित्रकलेच्या सरांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तू आला नाहीस. सून बाळंतीण, ते मान्य. सरांना आता काहीच दिसत नाही. काचबिंदूनं उजवा डोळा आधीच नेला होता, दिवाळीनंतर डावाही गेला. आभाळाचा निळा जरा गढूळ झाला तर वही भिरकावणारा माणूस, त्याला रंगीत शुभेच्छापत्र काय द्यायचं? मग वाटलं, बोटांना कळेल असं करू. उठावाचं.

कागजीपुऱ्यातून हातकागद आणला. तुघलकानं १३२७ ला राजधानी दौलताबादेत आणली तेव्हापासून तिथं कागद होतो म्हणतात. गाव जुनं, पण कागद हट्टी. पहिला हात मारला तर टिपकागदासारखा सगळा रंग पिऊन बसला. कोमट जिलेटिनच्या पाण्यात चिमूटभर तुरटी टाकून तावांना पाजलं, दोरीवर वाळत घातले. बायको म्हणे, "आता माझ्या साड्या कुठं घालू, तुमच्या डोक्यावर?" शिवाय मे महिना. ओल्यावर ओलं टाकावं म्हणून कुंचला बुडवेपर्यंत आभाळाची कड वाळून करकरीत रेघ. शेवटी पहाटे साडेचारला बसून केलं.

चंद्रासाठी पोरानं उठावाची पावडर आणि हीट गन मागवून दिली. चिकट शाईचा ठसा मारायचा, वर पावडर भुरभुरायची, उरलेली झटकायची, मग गरम हवेनं वितळवायची, फुगून चकाकते. मी शहाणा, गन यायच्या आधीच बायकोचा हेअर ड्रायर लावला. चंद्र उडून वरणात पडला. दुसऱ्या खेपेला आभाळ आतून ओलसर होतं, तर पावडर सगळीकडेच चिकटली. न सांगता चांदण्या निघाल्या.

पण हा उठाव नखाएवढाही नाही. म्हणून दौलताबादचा देवगिरीचा डोंगर आणि किल्ल्यातला चाँदमिनार एक्स-रेच्या फिल्ममध्ये कापला. माझ्याच गुडघ्याची फिल्म, तेवढी तरी कामाला आली. ती काचेवर उलटी ठेवायची, खाली दिवा, वर कागद पालथा, आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं कडेकडेनं दाबत जायचं. कागदाला अगदी थोडी ओल हवी; कोरडा चिरतो, जास्त ओला फाटतो. तीन फाटले. चौथा साधला. फिल्म उलटी ठेवायला विसरलो असतो तर मिनार उजवीकडे झुकला असता आणि मी सुटलो असतो. पण नाही विसरलो.

कार्यक्रमात सरांच्या हातात दिलं. डोंगरावरून बोट फिरवलं, चंद्रावर जरा थांबले, मग मिनार खालून वर चाचपला. पुन्हा चाचपला.

"हे बंडूचं आहे."

मी गप्प.

"मिनार डावीकडं ढळलाय. दोनशे फुटांच्या वर उंच तो, सहाशे वर्षं सरळ उभा, अन् हा पोरगा त्याला पाडू राहिला. ओळंबा धर म्हटलं होतं त्याला."

मी "हो सर" म्हणालो, बंड्या. सगळी मंडळी हसली, मीही हसलो.

आता तू म्हणशील, दिन्या, एवढंच? सर चुकले, तू सुधारलं नाहीस, चालतंय. तेच तर. सर चुकले नाहीत. ती फिल्म मी तुझ्या चित्रावरून कापली. १९८४ ला नववीत दौलताबादला नेलं होतं, तेव्हाचं तुझं चित्र, सरांनी खाली 'छान' लिहिलेलं, जे चोरलं म्हणून तू शऱ्याला हौदामागं धोपटलंस. ते माझ्या ट्रंकेत होतं. आजपर्यंत. मला सरांनी कधी 'छान' लिहिलं नव्हतं, दुसरं कारण नाही. शऱ्याचा दात हलला तेव्हा सांगणार होतो, पण तू तेव्हा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास, आणि पुढचा नंबर माझाच लागला असता.

(दौलताबादला डबा माझा होता आणि शेंगदाण्याची चटणी तू संपवलीस, हेही या निमित्तानं नोंदवून ठेवतो. हिशेब बरोबरीत नाही, पण हिशेबात आहे.)

खरी पंचाईत पुढं आहे. परवा सरांच्या मुलीचा फोन आला. कार्ड उशाशी असतं, येईल त्याला दाखवतात आणि म्हणतात, "बंडूला म्हणावं, मिनार सरळ करून घेऊन ये." आता विम्याच्या नोकरीत लागल्यापासून तू कुंचला धरलेला नाहीस हे मला माहीत आहे. मी सरळ मिनार करून तुझ्या हाती दिला तर आणखी एक लबाडी. खरं सांगितलं तर सरांना वाटेल, बोटांनीही दगा दिला. त्यांची बोटं तर बरोबर होती रे. चार रात्री झोप नाही. भद्रा मारुतीला नारळ फोडून आलो, पण तोही आडवाच पडलेला, उठून काय सांगणार.

नातवाचं नाव काय ठेवलं? वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सविस्तर लिही, मी आज दुसरं काही विचारण्याच्या स्थितीत नाही.

दोन दिवस काढून ये. सरांकडं दोघं मिळून जाऊ, काय सांगायचं ते रस्त्यात भांडून ठरवू. चित्र टपालानं पाठवत नाही. पुन्हा हरवलं तर मार खायला शऱ्याही आता गावात नाही.

तुझा,
दिन्या