जीआरईची तयारी आणि शब्दयाद्यांचे पाठांतर

संपादक महोदय,

पुढील वर्षी अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी सध्या ‘जीआरई’ या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या तयारीत आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांना या परीक्षेतील गणिताची फारशी धास्ती नसते; धसका असतो तो ‘व्हर्बल’, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागाचा, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांच्या हाती हजारो अवघड इंग्रजी शब्दांची यादी दिली जाते. डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीत अर्थ, आणि रोज अमुक इतके पाठ करायचे. इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका या नात्याने मला ही पद्धत विद्यार्थ्यांवर अन्याय करणारी वाटते, म्हणून हे पत्र.

अशा याद्यांना पूर्वी आधार होता. ऑगस्ट २०११ पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द ओळखणे आणि दोन शब्दजोड्यांमधील साधर्म्य शोधणे असे प्रश्न असत, आणि तिथे शब्द संदर्भाशिवाय एकटाच समोर येत असे. हे दोन्ही प्रकार तेव्हाच वगळण्यात आले. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर, सुमारे दोन तासांची झाली आणि व्हर्बलच्या २७ प्रश्नांसाठी ४१ मिनिटे मिळू लागली, परंतु शब्द वाक्यातच तपासायचा हे धोरण कायम राहिले. जवळजवळ निम्मे प्रश्न तर उताऱ्यांच्या आकलनावरच असतात. परीक्षा बदलली, तरी शिकवणी मात्र बरीचशी जुन्याच वाटेने चालली आहे.

रिकाम्या जागांच्या प्रश्नात एका छोट्या परिच्छेदात एक, दोन किंवा तीन जागा सोडलेल्या असतात आणि त्या सर्व अचूक भरल्या तरच गुण मिळतो. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडावे लागतात, की ज्यांमुळे वाक्याचा अर्थ एकसारखाच राहील. दोन्हींत उत्तराची किल्ली बहुधा अवघड शब्दात नसून ‘ऑलदो’, ‘डिस्पाइट’, ‘रादर दॅन’ अशा वाक्यांश जोडणाऱ्या साध्या शब्दांत असते. वाक्य कुठे वळले हे ज्याला कळले, त्याला रिकाम्या जागी स्तुती हवी की निंदा, वाढ हवी की घट, हे पर्याय पाहण्याआधीच सांगता येते. यादी पाठ करणाऱ्याला हा सराव कधीच मिळत नाही.

शब्दांच्या छटांचेही तसेच. ‘फ्रूगल’ (काटकसरी) आणि ‘पार्सिमोनियस’ (कंजूष) या दोन्ही शब्दांपुढे यादीत ‘कमी खर्च करणारा’ असे लिहिलेले असेल, तर विद्यार्थी काटकसरी माणसाला कंजूष ठरवून मोकळा होईल. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे एवढेच ज्याला ठाऊक आहे, तो एखाद्या विधानाला मर्यादा घालणे या अर्थाने हा शब्द उताऱ्यात आला की हमखास अडखळेल. नेमक्या अशा ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ विचारण्याकडे या परीक्षेचा कल असतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी विशेष आग्रहाने सांगते, की त्यांनी या विभागाला घाबरू नये. धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांची ओळख त्यांना शाळेतच झालेली असते. बोलणे या अर्थाचा एक लॅटिन धातू समजला, की ‘लोक्वेशस’ (बोलघेवडा), ‘एलोक्वंट’ (प्रभावी बोलणारा), ‘कलोक्वियल’ (बोलीतला), ‘सर्कमलोक्यूशन’ (आडवळणाने बोलणे) हे शब्द एका कुळातले म्हणून लक्षात राहतात. व्युत्पत्तीवरून अर्थाचा अंदाज बांधता येतो. खात्री मात्र वाक्यातच करून घ्यावी लागते.

पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. काही शेकडे शब्द पक्के असायलाच हवेत. परंतु जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते, की शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि उजळणी दिवसांत विभागली तर ते अधिक टिकते. त्यामुळे एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा दहा शब्द वाक्यांसह लिहून घ्यावेत, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने अर्थ झाकून स्वतःलाच विचारावेत आणि जे चुकतील तेवढेच पुन्हा हाताळावेत. साध्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर हे काम होते. त्यासाठी महागडी शिकवणी लागत नाही. परीक्षा घेणारी ‘ईटीएस’ ही संस्था संगणकावरील सराव परीक्षा विनामूल्य देते, हेही अनेक मुलांना कोणी सांगितलेले नसते.

मूळ अडचण वाचनाची आहे. विज्ञान, इतिहास, कला यांवरचे सलग, युक्तिवाद असलेले इंग्रजी लेखन आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या हाती चार वर्षांत क्वचितच पडते, आणि मग अखेरच्या तीन महिन्यांत ती उणीव यादीने भरून काढण्याची धडपड सुरू होते. महाविद्यालयांनी, विशेषतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या, ग्रंथालयात चांगली इंग्रजी नियतकालिके घ्यावीत आणि दुसऱ्या वर्षापासूनच आठवड्यातून एक तास एखादा लेख विद्यार्थ्यांसमवेत वाचून त्यातील युक्तिवादावर चर्चा घ्यावी. इंग्रजीचे प्राध्यापक जिथे नाहीत, तिथे माझ्यासारखे निवृत्त शिक्षक हे काम आनंदाने करतील. त्यांना केवळ बोलावण्याची आवश्यकता आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा