मावशी, तांदूळ भिजत घालते

मावशी,
सप्रेम नमस्कार.

रोज दुपारी तुम्ही आमच्या पोरांना गरम खिचडी वाढता, त्याचे आभारही माझ्याकडून कधी मानले गेले नाहीत. आज लिहायला बसले ती मात्र चित्रकलेच्या तासाला तुम्ही शिकवलेल्या वारली चित्रांसाठी. इतर शिक्षकांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय. तुम्हाला मी स्वतः वाचून दाखवेन.

साताऱ्याहून डहाणूतल्या या पाड्यावर बदलून आले, तेव्हा चित्रकला म्हणजे मी फळ्यावर दोन डोंगर, मधला सूर्य आणि धुराडं असलेलं घर काढायचं आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचं. २३ वह्या, चित्र एकच. तांदूळ निवडता निवडता तुम्ही एक वही उचललीत नि विचारलंत, "बाई, हे घर कुणाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही वर्गात आलात. रात्री भिजवून पाट्यावर वाटलेले तांदूळ, त्यात थोडा डिंक, हा झाला रंग. खाकी कागदाला शेणाचा नि गेरूचा हात. ब्रशाऐवजी बांबूच्या काड्या, त्या मुलांनी स्वतःच चावून मऊ केल्या, त्यातच अर्धा तास गेला आणि तो वर्षातला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास होता. तेलखडू संपले म्हणून आमचा तास त्यानंतर कधी बुडाला नाही.

टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, की झाला माणूस. शिकवलंत ते एवढंच. मग प्रत्येकाजवळ बसून विचारलंत, "सकाळी येताना काय पाहिलंस?" आणि गप्प राहिलात. ते गप्प राहणं मला अजून जमत नाही, मी शिकतेय. दुसरीतला जो मुलगा माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता, त्यानं ओढ्यातल्या चिंबोऱ्या काढल्या, बॅटरी धरलेला बाप काढला आणि चिंबोरी मागून कशी धरायची ते मला सांगत बसला. एकीचा तारप्याचा फेर, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, कागदात मावेना. तुम्ही तिला माणसं कमी कर म्हणाला नाहीत, दुसरा कागद चिकटवून दिलात.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते याच तालुक्यातल्या गंजाडचे, हे मुलांना तुम्ही सांगितलंत. त्यांच्याही आधीपासून घराघरांतल्या बायका भिंतींवर ही चित्रं लिहीत आल्यात, हेसुद्धा.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. स्पर्धेला पाठवायला मुलांकडून चौक, म्हणजे देवीचं चौकटीतलं चित्र, काढून घ्या, असा हट्ट मी धरला होता. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात. चौक लग्नाचा, तो लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांत, आणि त्यात पालघट देवी बसते. तो नमुना म्हणून गिरवायचा नसतो. त्या दिवशी मुलांनी भाताची आवणी काढली, आणि मला ती स्पर्धेला पाठवावीशीच वाटली नाही. ती वर्गातच लावली आहे.

आता वर्गाच्या मागच्या भिंतीला मी गेरू देऊन ठेवलाय. खालचा पट्टा पहिलीच्या मुलांचा, त्यांचा हात पोचेल तेवढा. वरची जागा तुमच्यासाठी मोकळी आहे. शुक्रवारी रात्री तांदूळ भिजत घालते. वाटायला मात्र तुम्हीच या, माझ्या हातून ते अजून जाडसर राहतात.

तुमची,
शाळेतली बाई